फ्रेंचची परीक्षा: डेल्फ देऊ, टीसीएफ देऊ की टेफ? (नोंदणी शुक्रवारी बंद होतेय!)

चिंचगुळी

लोकहो, जरा घाईत आहे, मदत करा.

वय ३२, पुण्यात आयटीत, टेस्टिंगमध्ये. दोन वर्षं शनिवार-रविवार फ्रेंचच्या क्लासला जातेय. बी१ची पातळी (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) गेल्या महिन्यात संपली. सुरुवात निव्वळ हौसेने झाली होती, पण मधल्या काळात नवरा आणि मी कॅनडाच्या पीआरबद्दल (कायमच्या वास्तव्याबद्दल) गंभीर झालोय. आता प्रत्येक जण वेगळं सांगतोय. क्लासच्या मॅडम म्हणतात, "डेल्फ बी२ दे, आयुष्यभर चालतं." एजंट म्हणतो टेफ द्या, सोपी असते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते टीसीएफच, कारण तिच्या भावाचं त्यावर झालं.

शिवाय माझी भाची बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला फ्रान्सला मास्टर्सला जायचंय. ती ए२ला आहे. दोघींनी मिळून एकाच परीक्षेचा अभ्यास केला तर पुस्तकांचा आणि डोक्याचा खर्च वाचेल असा माझा हिशोब.

डेल्फची नोंदणी शुक्रवारी बंद होतेय. भरू का पैसे?

नाठाळ

जर्मन घेतलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

बारावीफ्रेंच९४

नाव वाचून ओळखलंच असेल. मराठी नको, हिंदी नको, मार्क पडतात म्हणून अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेल्या पिढीतला मी. ९४ पडले. मागच्या वर्षी पॅरिसच्या विमानतळावर 'बोंजूर' म्हणालो, समोरच्या बाईंनी त्यावर चार वाक्यं टाकली, आणि माझी गाडी तिथेच अडली. तेव्हा परीक्षा कोणती हे मला विचारू नका. धाग्यावर खूण करून ठेवतोय.

हिमगौरी

चिंचगुळी, शुक्रवारी पैसे भरू नका. आधी हे वाचा.

कॅनडाच्या फेडरल पीआरसाठी, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीसाठी (केंद्र सरकारची गुणांवर निवड करायची पद्धत), डेल्फ चालत नाही. बी२ असो, त्याच्या वरची डाल्फ सी२ असो, त्या कागदाला तिथे किंमत शून्य. फ्रेंचच्या दोनच परीक्षा धरतात: टेफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. त्यातही 'कॅनडा' हा शब्द महत्त्वाचा. नुसती 'टीसीएफ तू प्युब्लिक' (सर्वसाधारण आवृत्ती) देऊन आलेले लोक मी पाहिलेत, त्यांना सगळं परत करावं लागलं.

तुम्हाला लागणारी पातळी एनसीएलसी ७ (एनसीएलसी म्हणजे फ्रेंच मोजायची कॅनडाची पट्टी). ती साधारण बी२च्या उंबरठ्यावर येते. मुख्य म्हणजे ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारहीत वेगवेगळी ७ हवी. तीन विषयांत ९ आणि एकात ६ असेल तर फ्रेंचचे जादा गुण मिळत नाहीत.

आता आकडे. चारही एनसीएलसी ७ आणि सोबत इंग्रजीच्या तशाच पट्टीवर सीएलबी ५ किंवा वर, तर ५० जादा गुण. दुसऱ्या भाषेचे म्हणून प्रत्येक कौशल्याला ३, म्हणजे १२ आणखी. झाले ६२. पण खरी गंमत त्या ६२मध्येही नाही. २०२३पासून फ्रेंचवाल्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघतात. २०२४च्या फेब्रुवारीअखेर सर्वसाधारण फेरीचा कटऑफ होता ५३४ आणि त्याच आठवड्यातल्या फ्रेंच फेरीचा ३३६. दरवेळी इतका खाली येत नाही, पण दोन रांगा वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर फ्रेंच बोलणाऱ्यांचा टक्का वाढवायचा हे सरकारचं जाहीर धोरण आहे, म्हणून हे सगळं.

आणखी एक, एजंट सहसा सांगत नाहीत ते: मुख्य अर्जदार तुम्ही व्हा. नवऱ्याचा पगार जास्त, अनुभव जास्त, म्हणून सवयीने त्यांचं नाव वर टाकलं तर तुमच्या फ्रेंचचे हे ५० गुण गेले. ते मुख्य अर्जदारालाच मिळतात.

चिंचगुळी

अगं बाई. एजंटने फॉर्मवर नवऱ्याचंच नाव वर टाकलंय.

हिमगौरी

बघा!

फ्रेंचमास्तरीण

वीस वर्षं फ्रेंच शिकवते, त्यामुळे त्या मॅडमची बाजू घेणं मला भाग आहे. 😊

डेल्फ-डाल्फ हा फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा डिप्लोमा आहे, १९८५पासून चालत आलेला. प्रत्येक पातळीची परीक्षा वेगळी. तुम्ही बी२ला बसता आणि एक तर पास होता, नाही तर नापास. पास झालात की विषय संपला, कागद कधी शिळा होत नाही. टीसीएफ आणि टेफमध्ये पास-नापास नसतं. सगळे एकाच पेपरला बसतात, जितकं येतं तितकी पातळी हातात पडते, आणि निकाल दोनच वर्षं चालतो. मी वर्गात असं सांगते की डेल्फ म्हणजे दहावीचं सर्टिफिकेट आणि टीसीएफ म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन गेलात तर डॉक्टर नवीनच करायला सांगणार.

शाळेत फ्रेंच शिकवायची असेल, भाषांतराची कामं घ्यायची असतील, कंपनीत फ्रेंच प्रोसेसमध्ये शिरायचं असेल, तर मुलाखतीत विचारतात "डेल्फ कितपर्यंत झालंय?" तिथे टीसीएफचा आकडा सांगितलात तर समोरचा गोंधळतो. तेव्हा मॅडम खोटं बोलल्या नाहीत. फक्त तुमचा कागद कुठल्या खिडकीवर द्यायचाय हे त्यांनी विचारलं नाही.

बोरीबंदर

मास्तरीणबाईंशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांत माझी फी गेली, ती कथा सांगतो.

मी डेल्फ बी२ पास. १००पैकी ६८. बोलण्यात २१, वाचनात १९, लेखनात १७, ऐकण्यात ११. डेल्फला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात २५पैकी किमान ५. म्हणजे माझ्या बोलण्याने माझ्या कानांना पाठीवर घेऊन पलीकडे नेलं. पेढे वाटले. मग तोऱ्यात टीसीएफ कॅनडाला बसलो.

टीसीएफच्या श्रवणात ३९ प्रश्न, ३५ मिनिटं, आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. पहिले दहा म्हणजे "गाडी किती वाजता सुटते?" छापाचे, माणूस हसत हसत सोडवतो. विशीत गेलो की रेडिओवरची मुलाखत सुरू होते. तिशीत दोन बायका कुठल्याशा शहराच्या नियोजनावर इतक्या शांतपणे वाद घालत होत्या की त्या भांडतायत की एकमेकींना दुजोरा देतायत हेच कळेना. ३१व्या प्रश्नावर मी ३०व्याचा विचार करत बसलो, तेवढ्यात ३२वा सुरू झाला. तिथून पुढे लोकल सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर धावणाऱ्या माणसासारखी गत.

आले ४४०. एनसीएलसी ७ सुरू होतं ४५८ला. अठरा गुणांनी गेलो, बाकी तिन्ही भाग व्यवस्थित असून.

तेव्हा हिमगौरी म्हणतात ते कोरून ठेवा. डेल्फ बेरीज करतं. कॅनडा प्रत्येक ताट वेगळं तपासतं.

नाठाळ

लोकलची उपमा आवडली. बोरीबंदर हे नाव सार्थ केलंत.

कोकणकडा

मी टेफ कॅनडा दिली, त्यामुळे एजंटच्या 'सोपी असते'बद्दल बोलतो. सोपी नाही, वेगळी आहे. टेफ काढते पॅरिसची चेंबर ऑफ कॉमर्स, आणि ते बोलण्याच्या भागात दिसतं.

पहिल्या भागात एक जाहिरात हातात देतात. समजा भाड्याचं घर, किंवा पोहण्याचा क्लास. परीक्षक फोनच्या पलीकडचा माणूस. पाच मिनिटांत दहाएक प्रश्न विचारून सगळी माहिती काढायची. दुसऱ्या भागात दहा मिनिटं परीक्षक तुमचा मित्र, त्याला कशासाठी तरी पटवायचं, आणि तो हटून बसलेला. "मला वेळ नाही", "महाग आहे", "बायको काय म्हणेल".

मी पहिल्या सरावात सभ्यपणे तीन प्रश्न विचारून गप्प बसलो होतो. मग डोळ्यासमोर माझी मावशी आणली. भाड्याचं घर बघायला गेलेली मावशी. डिपॉझिट किती, पाणी किती वेळ, लिफ्ट बंद पडली तर कोण बघतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांना मुलं किती, रंग कधी दिला होता. परीक्षेच्या दिवशी तिलाच फ्रेंचमध्ये बोलायला लावलं. परीक्षकाने शेवटी घड्याळ दाखवून थांबवलं. बोलण्यात एनसीएलसी ८ आलं.

लेखनात पहिल्या भागात बातमीची सुरुवात दिलेली असते, ती पुढे नेऊन संपवायची, किमान ८० शब्द. दुसऱ्यात एखाद्या विधानावर वर्तमानपत्राला पत्र लिहून आपलं मत मांडायचं, किमान २०० शब्द. मिळून एक तास. वाचकांची पत्रं लिहायची खोड असलेल्या मराठी माणसाला हे माहेरघर.

बोरीबंदर

टीसीएफचं लेखनही तासाभराचंच, पण तुकडे तीन. छोटा निरोप, मग जरा मोठा मजकूर, आणि तिसऱ्यात एकाच विषयावरची दोन परस्परविरोधी मतं देतात. ती आधी थोडक्यात सांगायची, मग आपलं म्हणणं. बोलणं एकूण १२ मिनिटं, त्यातही तीन तुकडे, आणि शेवटच्याला तयारीसाठी वेळ नाही. प्रश्न आला की तोंड उघडायचं.

माझं मत: ज्याला अडवल्यावर जोर चढतो त्याने टेफ. ज्याला आपलं आपण सलग बोलायला आवडतं त्याने टीसीएफ. दोन्हींचे नमुना पेपर मिळतात, एकेक रविवार काढून घड्याळ लावून सोडवा. तुमच्या कानाला कुठलं मानवतं ते तासाभरात कळेल. मैत्रिणीच्या भावाचे कान तुमच्या कामाचे नाहीत.

पर्जन्य

कोणी नोंदणीबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहिते.

एक, जागा. मी ज्या केंद्रावर टीसीएफ कॅनडासाठी प्रयत्न करत होते तिथली खिडकी सकाळी दहाला उघडली आणि दहा वाजून चार मिनिटांनी भरलेली दिसली. दोन महिने हेच. शेवटी दुसऱ्या राज्यातली जागा घेतली, गाडीचं तिकीट आणि हॉटेल धरून फीइतकाच खर्च वर. तेव्हा 'मला टेफच' किंवा 'मला टीसीएफच' असा हट्ट सोडा. तयारी झालेली असेल तर ज्याची जागा मिळेल ती घ्या.

दोन, नाव. हे फार मराठी दुखणं आहे. माझ्या पासपोर्टात नाव, मग वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. नोंदणी करताना हाताच्या सवयीने सासरचं टाकलं. परीक्षेच्या दिवशी दारातल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, यादी पाहिली, परत पासपोर्ट पाहिला. मी लग्नाचा दाखला मोबाईलवर दाखवतेय, तो इंग्रजीत "सॉरी मॅडम" म्हणतोय. आत बाकीच्यांची श्रवणाची तयारी चाललेली ऐकू येत होती. मला बसू दिलं नाही. पैसे परत नाहीत.

चूक माझीच. पण पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न् अक्षर, हे फॉर्मवर ठळक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

आजोबा_बेळगाव

पर्जन्य, वाचून वाईट वाटलं. आमच्या सुनेचंही असंच झालं होतं, बँकेत.

मी ७१ वर्षांचा. नातवाशी बोलता यावं म्हणून फ्रेंच शिकतोय, तो जन्मापासून तिकडेच आहे. परीक्षा द्यायचा विचार नाही. पण आकड्यांबद्दल सांगायचं राहवत नाही. सगळे तरुण रडतात की फ्रेंचमध्ये ८० म्हणजे 'चार वीस', ९९ म्हणजे 'चार वीस एकोणीस', हे काय वेड्यासारखं. अहो, माझी आजी आंबे आणि शेण्या विसांतच मोजायची. तीन विसा, चार विसा, चार विसा पाच. मला पहिल्याच दिवशी कळलं. मास्तर चकित झाले.

नाठाळ

आजोबांना माझा साष्टांग. आता टीसीएफच्या श्रवणात फोन नंबर आला की शेण्या डोळ्यासमोर येणार.

बारावीफ्रेंच९४

आणि लिंगाचं? 'ला ताब्ल'. टेबल बाई कधीपासून झालं? आपल्याकडे ते टेबल.

फ्रेंचमास्तरीण

मराठी मुलांना लिंगाचा त्रास कमी होतो उलट. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला वस्तूला लिंग असतं हेच पटत नाही. आपल्याला फक्त बदली करायची असते. खुर्ची तिकडेही बाईच आहे, घर मात्र नपुंसकाचं स्त्रीलिंगी झालंय, तेवढं पाठ करा. आणि अनुनासिक स्वर! कोकणातल्या मुलांना 'बाँ', 'वँ' शिकवावं लागत नाही, नाकात बोलू नका म्हणून घरी ओरडा खाल्लेला असतो, इथे त्याचे मार्क मिळतात.

कोकणकडा

निषेध. (नाकातून.)

लिऑनची_सून

धागा फ्रान्सच्या बाजूने कोरडा आहे, भाचीसाठी लिहिते.

चिंचगुळी, भाचीला आधी विचारा की अभ्यासक्रम कुठल्या भाषेतला आहे. फ्रान्समध्ये विज्ञान, मॅनेजमेंट, इंजिनीअरिंगचे बरेच मास्टर्स पूर्ण इंग्रजीत आहेत, तिथे प्रवेशासाठी फ्रेंच लागतच नाही. फ्रेंचमध्ये शिकायचं असेल तर विद्यापीठं सहसा बी२ मागतात, साहित्य-कायदा अशा विषयांना कधी सी१. त्यासाठी डेल्फ बी२ उत्तम. टीसीएफही घेतात, पण तुमच्या टीसीएफ कॅनडाचा तिला उपयोग नाही, तिची वेगळी असते. त्यामुळे एकाच परीक्षेचं डोहाळजेवण दोघींना पुरणार नाही. पुस्तकं मात्र बी२पर्यंत खुशाल वाटून घ्या, भाषा तीच आहे.

इंग्रजीतला कोर्स मिळाला तरी ए२वर थांबू नको म्हणावं. वर्गात इंग्रजी चालतं, पण घरमालक, वीज कंपनी, दवाखान्याची अपॉइंटमेंट हे सगळं फ्रेंचमध्ये. मी आले तेव्हा माझं बी२ होतं, तरी घराच्या कराराचं पहिलं पान समजून घेण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता डेल्फ 'आयुष्यभर' चालतं म्हणजे काय ते सांगते. मी डेल्फ बी२ दिलं २०१६ साली, पुण्यात. फाईलमध्ये पडून होतं. १ जानेवारी २०२६पासून फ्रान्सने अटी वाढवल्या. बरीच वर्षं राहण्याचं कार्ड हवं तर ए२, दहा वर्षांच्या कार्डासाठी बी१, आणि नागरिकत्वासाठी बी१ऐवजी बी२, लेखी आणि तोंडी दोन्ही. माझ्या ओळखीतले लोक घाईघाईने टीसीएफ आयआरएन आणि टेफ आयआरएन शोधत फिरतायत. त्या या कामासाठीच्या वेगळ्या आवृत्त्या. मी कपाट उघडून दहा वर्षांपूर्वीचा कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीत होता, आईने लग्नपत्रिकेसोबत बांधून दिलेला.

हिमगौरी

लिऑनची सून, हे फार छान. म्हणजे फ्रान्सला राहणाऱ्यासाठी डेल्फ, आमच्यासाठी रक्ताचा रिपोर्ट.

मॉन्ट्रियलकर

आणि क्यूबेक? आम्ही कुठे गेलो?

क्यूबेकची चूल वेगळी आहे. कुशल कामगार निवडायचे ते इथलं प्रांतिक सरकार आपलं आपण निवडतं, त्याला एक्स्प्रेस एंट्रीशी देणंघेणं नाही. इथे टेफएक्यू आणि टीसीएफ क्यूबेक या खास आवृत्त्या आहेत. टेफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडाही धरतात, आणि डेल्फ-डाल्फही धरतात. पातळी मोजायची त्यांची बारा पायऱ्यांची आपली पट्टी आहे. तेव्हा क्यूबेक नक्की असेल तर डेल्फ वाया जात नाही. पण इथले कार्यक्रम वारंवार बदलतात, नियम त्या दिवशीचा वाचा, धाग्यावरचा नको. हाही नको.

अवांतर: क्लासमध्ये शिकलेलं फ्रेंच घेऊन इथे उतरलात की पहिल्या आठवड्यात माझ्यासारखं होईल. सहकाऱ्याने 'देजने'ला बोलावलं. फ्रान्सच्या पुस्तकाप्रमाणे ते दुपारचं जेवण. मी साडेबाराला डबा न नेता, पोटात कावळे घेऊन हजर. इथे 'देजने' म्हणजे सकाळचा नाश्ता. तो सात वाजता माझी वाट पाहून गेला होता.

आजोबा_बेळगाव

हा हा. आमच्याकडे 'फराळ'चं असंच आहे. कुणाकडे उपासाचं, कुणाकडे दिवाळीचं.

रानडेवाला

एक प्रश्न. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून विद्यापीठाचा फ्रेंचचा डिप्लोमा केलाय, चांगल्या मार्कांनी. तो कॅनडाला दाखवता येईल का?

हिमगौरी

पीआरच्या भाषेच्या गुणांसाठी नाही. तुम्ही फ्रान्समध्ये जन्मलात आणि तिथल्या विद्यापीठात फ्रेंच शिकवत असलात तरी तीच परीक्षा द्यावी लागते. इंग्रजीचंही तसंच आहे ना, अख्खं शिक्षण इंग्रजीत होऊन आपण आयएल्ट्स देतोच.

रानडेवाला

हं. पण व्याकरण पक्कं झालं हे खरं. सुब्जाँक्तिफची क्रियापदं झोपेत विचारा.

फ्रेंचमास्तरीण

विद्यापीठाच्या कोर्सने व्याकरण आणि वाचन फार छान होतं, ऐकणं-बोलणं मागे राहतं. तुम्ही रोज अर्धा तास फ्रेंच रेडिओ ऐका, समजलं नाही तरी. आणि उतारा बघून नको, नुसतं ऐका.

बोरीबंदर

हेच. मी दुसऱ्या प्रयत्नाआधी चार महिने लोकलमध्ये रोज फ्रेंच बातम्या ऐकल्या. विरार फास्टमध्ये उभं राहून शेती अनुदानावरची चर्चा. दुसऱ्या वेळी ५०३ आले. वर कोणीतरी विचारायच्या आत सांगतो, हो, पेढे परत वाटले, छोटे.

पर्जन्य

चिंचगुळी, आणखी एक. घाई का नको ते सांगते. दोन वर्षांची मुदत प्रोफाइल भरताना तर हवीच, पण आमंत्रण आल्यावर पीआरचा प्रत्यक्ष अर्ज टाकता त्या दिवशीही निकाल जिवंत हवा. इंग्रजीच्या निकालाचंही तेच. माझ्या नणंदेने उत्साहात फ्रेंच लवकर दिली, इंग्रजी दीड वर्षाने दिली, आणि आमंत्रण आलं तेव्हा फ्रेंचचे शेवटचे नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत घरात कोणी जेवलं नाही.

हिमगौरी

+१. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. आधी भाषा पिकू द्या, मग घड्याळाला चावी द्या.

चिंचगुळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. मावशीच्या भागाला तो इतका हसला की सासूबाई उठून आल्या.

ठरलं ते असं. शुक्रवारी माझी डेल्फची फी भरणार नाही. आधी बी२चा वर्ग पूर्ण करते, मास्तरीणबाई, त्याला किती धरू? दोन रविवार काढून टेफ आणि टीसीएफ दोन्हींचे नमुना पेपर सोडवणार. ऐकण्यात मी बोरीबंदर यांच्या पंथातली आहे, तेव्हा कान आधी. मुख्य अर्जदार मी, हे एजंटला कळवलं. तो म्हणाला "तसंही करता येतं." तसंही!

भाचीला फोन केला. तिला हवा असलेला कोर्स फ्रेंचमध्येच आहे. ती आता बी१ला जाईल आणि मग डेल्फ बी२.

फ्रेंचमास्तरीण

बी१ खरंच झालं असेल तर वर्गाचे दोनशे ते अडीचशे तास धरा. 'खरंच' या शब्दाखाली रेघ. आणि क्लासच्या मॅडमवर रागावू नका.

चिंचगुळी

नाही रागावले. त्यांना हा धागा पाठवला. म्हणाल्या, "आजोबांना वर्गात पाठव."

आणि पर्जन्य, तुमचं वाचून पासपोर्ट काढून बघितला. नाव बरोबर आहे, माहेरचंच आहे, तसंच भरेन. पण त्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपतेय! म्हणजे परीक्षेच्या दाराशी मी संपलेला पासपोर्ट घेऊन उभी राहिले असते. सगळ्यात आधी ती अपॉइंटमेंट घेतेय.

नाठाळ

मान्य. जर्मन घेतलं असतं तरी पासपोर्ट लागलाच असता.